शपथ न मोडलेला माणूस

परवा श्रीवर्धनला एका नारळाच्या वाडीतून जाताना आंबलेल्या माडीचा वास आला आणि ओटीवर गोधडीत थरथरणारा माझा थोरला भाऊ डोळ्यांपुढे उभा राहिला.

सत्याग्रहाच्या दिवसांत आमच्या गावात दारूबंदीचं मंडळ निघालं. मी त्याचा चिटणीस. माझ्याच घरात पिणारा नको, म्हणून दादाला मी ग्रामदेवीपुढे नारळावर हात ठेवायला लावला. वर्षानुवर्षं सकाळपासून पिणारा माणूस, त्या दिवसापासून त्याला थेंब दिला नाही. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर खेकडे दिसू लागले.

माडी काढणारा गोविंदकाका अंगणात येऊन म्हणाला, "एकदम तोडू नको रं. रोज वाटी वाटी कमी कर. माझा बाप तसाच सुटला. असा त्यो मरंल."

"गिऱ्हाईक गेलं म्हणून कळवळा आला व्हय, काका?" मी म्हणालो. मंडळाची माणसं खो खो हसली.

दादानं माझं मनगट धरलं. "एक घोट दे रे. देवीची माफी मी मागतो." मी मनगट सोडवून घेतलं.

दुपारी त्याला झटके आले. दिवस मावळायच्या आत तो गेला.

आज डॉक्टर सांगतात तेच गोविंदकाका सांगत होता. त्या हसण्याची मला अजून चीड येते, आणि त्याहून जास्त माझी. तेरावा झाल्यावर मंडळाच्या सभेत मीच ताठ मानेनं सांगितलं, "माझ्या भावानं मरेपर्यंत शपथ मोडली नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं.