हँडलवरचा उजवा हात

मोटारसायकलचा वेग उजव्या हातात असतो आणि पुढचा ब्रेकही उजव्याच हातात. तो हात हँडलवरून उचलला की गाडी चालवणारा माणूस नुसता गाडीवर बसलेला माणूस उरतो. हे मी पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मथळा होता, ‘जयभीम तोंडाने म्हणा, हात हँडलवर ठेवा!’ आमच्या पोरापोरींच्या मंडळाने ती पत्रकं पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर वाटली, सौंसरच्या बाजारात वाटली. पहिलं पत्रक मी बाबांच्या हातात दिलं होतं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, “बराबर लिहिलं माय,” म्हणाले, आणि त्याच आठवड्यात बसस्टँडजवळच्या चौकात जयभीमला उत्तर देताना पडले.

बाबा नळाच्या पाण्याचे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडतात. कोणत्या वस्तीला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या फेरीवर ठरतं, त्यामुळे अख्खं गाव त्यांना ओळखतं. गाडीला एका बाजूने वॉलची लांब लोखंडी चावी बांधलेली, पायात रबरी बूट, डोकं उघडं. निघाले की सुरू. कोणी ओट्यावरून विचारतं, “काका, आज नळ येते का नाई?” कोणी पानठेल्यावरून हात करतं. आणि आपल्या वस्तीचा माणूस दिसला की जयभीम. तो मात्र नुसती मान हलवून भागत नाही. उजवा हात उचलायचा, कपाळापर्यंत न्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. डाव्या हाताने केला तर अपमान. न बघता केला तर त्याहून मोठा अपमान. म्हणजे ऐन चौकात हात हँडलवर नाही, डोळे रस्त्यावर नाहीत. ही आमची सभ्यता!

आणि चौक तरी कसा? पांढुर्णा जिल्हा झाला. पाट्या नव्या लागल्या, साहेबांच्या गाड्या वाढल्या, रस्ता आहे तेवढाच राहिला. त्यात संत्र्याच्या क्रेटांनी वाकलेली पिकअप, दोन्ही अंगांनी फुगलेली कापसाची ट्रॉली, जिला मागे लाल दिवा नाही. दुभाजकावर बसलेले बैल. खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून उलट्या बाजूने येणारा जावईबापू, त्याच्या मागे दोघं. ई-रिक्षा तर मनात आलं की थांबते, तिला कारण लागत नाही. या सगळ्यात दुचाकीवाल्याच्या अंगाभोवती काय असतं? त्याचा शर्ट.

तर त्या दिवशी पलीकडून कोणीतरी “जयभीम, दादा!” म्हणालं. बाबांचा हात वर गेला. तेवढ्यात पुढच्या पिकअपने ब्रेक मारला. बाबांनी पायाने ब्रेक दाबला, खाली वाळू सांडलेली होती, गाडी आडवी झाली. उजवं मनगट मोडलं. डोकं दुभाजकाच्या कोपऱ्यापासून वीतभर लांब पडलं. ही वीत मी स्वतः जाऊन पाहिली. कोणी पाहू नये म्हणतात, पण मला पाहायचंच होतं. कोपऱ्याचं सिमेंट तुटून आतली सळई बाहेर आलेली होती.

पुढच्या वेळी ती वीत नसेल. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, आणि त्याने मला एका जागी बसू दिलं नाही.

सौंसरच्या हाडाच्या डॉक्टरकडे दाखवायचं होतं. मी गाडी काढली. बाबांची तीच गाडी, मी चालवणार, ते मागे, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात. मी हेल्मेट घातलं, त्यांच्यापुढे दुसरं धरलं.

“हे मले नको,” बाबा म्हणाले. “तोंड टोपल्यात गेलं म्हणजे लोकाइले कसं कळन, कोण चाललं म्हणून?”

“कळून काय करायचंय लोकाइले?”

“अवं, माणसानं जयभीम केला आन् मले त्याचा चेहरा दिसला, त्याले माहा नाई दिसला, तं तो काय म्हणन? नळवाल्याले माज चढला.”

“आन् डोक्स फुटलं तं काय म्हणन? लय नम्र होता बिचारा?”

त्यांना हसू आलं, हेल्मेट मात्र नाही आलं. ते मांडीवर ठेवून ते बसले. गाडी निघाली आणि मला कळलं, मागे बसलेला माणूस किती बेजबाबदार असू शकतो. प्रत्येक हाकेला प्लास्टरचा हात गळपट्टीतून बाहेर! त्यांच्या अंगाचा झोक गेला की गाडीचाही जायचा. मी ओरडायची, “बाबा, सीधे बसा!” ते म्हणायचे, “सीधाच बसून राहिलो न मी.”

जामसांवलीच्या मारुतीजवळ गर्दी होती. शनिवार असावा. देवळाच्या दिशेने वळणारे आणि सरळ जाणारे, दोघंही हात उचलून कपाळाला लावत होते. गाडी चालूच, मागे बायको एका अंगाने बसलेली, मांडीवर लेकरू, आणि नवऱ्याचा उजवा हात हवेत. बाबांनी माझ्या पाठीत कोपराने ढोसलं.

“याइलेही पत्रक दे ना. का फक्त आपल्याच लोकाइले शिकवतं तू?”

“सगळ्याइले देईन. देव काही हात मोजत नाई. घरी बसून करा म्हणा दोन्ही हातांनं.”

“असं लिहिजो नको हं. मार खाशीन.”

तसं मी लिहिलं नाही. पण सौंसर येईपर्यंत हवेत हात दिसला की मी हॉर्न दाबत राहिले.

प्लास्टर निघालं त्या दिवशी घरात भांडण झालं. आईने गाडीची किल्ली स्वतःच्या कमरेच्या बटव्यात घातली होती.

“किल्ली देऊन दे,” बाबा म्हणाले. “उद्या ड्युटी हाय.”

“ड्युटीवर पायी जा.”

“गावभर पायी वॉल खोलू मी?”

“मंग हात वर करून मरा!” आईचा आवाज फुटला. “दरवाज्यात बसून बसून माहे डोये गेले. अॅम्बुलन्सचा आवाज आला का माहा हात भाकरीवरच राह्यते.”

मी मध्ये पडले. मला वाटलं, मुद्दा मांडायला मलाच येतो. मी एकेक मुद्दा मांडला: ब्रेक, वेग, वाळू, सळई. शेवटी म्हणाले, “बाबा, हे जुनं फॅड हाय तुमचं. नुसता दिखावा.”

बाबा खाटेवर बसले. मनगट चोळू लागले. मग आजोबांबद्दल बोलले. मी आजोबांना पाहिलेलं नाही. मोहगावकडच्या एका खेड्यात ते राहायचे, शेतावर कामाला जायचे, आणि त्यांच्याकडे एक सायकल होती.

“माहे बाबा मले कॅरिअरवर बसवे,” बाबा म्हणाले. “मोठ्या घराइची गल्ली आली का खाली उतरे. सायकल हातात धरून पायी. मले म्हणे, तूही उतर. गल्ली सरली का पुन्हा बसा. तेथी ओट्यावर माणसं बसून राहे. बाबा त्याइले वाकून रामराम करे. कोणी हात उचलला नाई कधी. कोणी पाह्यलं बी नाई. म्या कॅरिअरवरून उतरून हे पाह्यलेलं हाय, समजलं का? आता मी गाडीवर असतो आन् कोणी मले रस्त्यातून जयभीम म्हणते. तो मी खाली पडू देऊ?”

आई बटवा धरून उभी होती. आजोबांना खाली उतरवणाऱ्यांचा मला राग आला. त्या ओट्यांचा आला. मग चौकाचा, वाळूचा, आणि पुन्हा बाबांचाच. हे दोन्ही राग एका पत्रकात बसत नव्हते. मी अंगणात गेले, परत आत आले, पुन्हा बाहेर गेले.

“बाबा,” दारातूनच म्हणाले, “मेल्यावर तुमी कोणाचा जयभीम घेता, सांगा मले.”

आईने बटव्यातून किल्ली काढली, पण त्यांना दिली नाही. माझ्या हातात दिली. “पयल्या दिवशी पोरगी मागं बसन. आन् टोपलं घाला. नाई तं किल्ली विहिरीत.”

सकाळी बाबांनी हेल्मेट घातलं. शिक्षा भोगतोय असं तोंड करून घातलं, काचेमागून डोळे तेवढे रागीट दिसत होते. मी मागे बसले, एक हात त्यांच्या खांद्यावर. पहिल्या वॉलपर्यंत रस्त्यातून कोणी हाक मारली नाही. बाबा पुटपुटले, “पाह्य, म्हटलं होतं ना? कोणी ओळखून नाई राहिलं.”

मग चौक आला. पिकअप, बैल, ई-रिक्षा, सगळे हजर. डावीकडून एक माणूस ओरडला, “ओ चावीवाले दादा, जयभीम!” हेल्मेट असलं म्हणून काय झालं, लोखंडी चावी तर बांधलेलीच होती.

माझ्या हाताखाली बाबांचा खांदा वर आला. मला तो उठताना कळला, आतून, शर्टाच्या खालून. पुढे रिक्षाचा मागचा भाग वाढत चालला होता. मी विचार केला नाही. माझा उजवा हात वर केला, कपाळापर्यंत नेला आणि जोरात म्हटलं, “जयभीम!” तो खांदा तसाच अर्ध्यावर राहिला, मग हळूच खाली बसला. ब्रेक लागला. गाडी रिक्षाच्या मागे थांबली.

“तू कायले केला?” बाबा हेल्मेटच्या आतून म्हणाले.

“घरचाच हात हाय.”

“त्यानं मले केला होता.”

“पोचला त्याले. हसला तो.”

पण दुसऱ्या दिवशी ते एकटे गेले. मी किती दिवस मागे बसणार होते? आई आणि मी घरात. फोन करावा तर ते तो गाडीवरच उचलणार, म्हणून फोनही करता येईना. मी नव्या पत्रकाचा मजकूर घेऊन बसले, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. आईने तेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. रस्त्यावर कोणाच्या गाडीचा आवाज आला की आम्ही दोघी एकदम बघायचो आणि एकमेकींना ते कळू नये म्हणून भलतंच काहीतरी बोलायचो.

दुपारी एक काका आले. वस्तीच्या पलीकडच्या टोकाला राहतात, पोस्टातून निवृत्त झालेले, मानापमानाला फार जपणारे. दारातच उभे राहिले.

“तुमचे बाबा लय भाव खाऊन राहिले म्हणा!” मला म्हणाले. “चौकात म्या जयभीम केला. चांगला, थांबून. मुंडी नाई हालवली माणसानं!”

आई आतून धावत आली. “काय सांगता! हात उचललाच नाई?”

“नाई ना!”

“अजिबात नाई?”

“अवो ताई, बोट नाई उचललं! गेला आपला सीधा. टोपी घालून!”

“बसा ना भाऊजी, बसा,” आई म्हणाली. तिने त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. चहात इतकी साखर घातली की काकांनी पहिल्याच घोटाला तिच्याकडे संशयाने पाहिलं. त्यांना वाटलं, घरात काहीतरी बिघडलंय. मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तक्रार करायला आलेला माणूस मला इतका आवडल्याचं आठवत नाही.

बाबा आले तेव्हा मात्र घरात आनंद करायची सोय नव्हती. हेल्मेट खाटेवर टाकलं. जेवले, पण भाजी कशाची होती ते त्यांना सांगता आलं नसतं. “काका आले होते,” मी म्हणाले. “ठाऊक हाय,” ते म्हणाले. ऊन उतरलं तसे उठले आणि पायात चपला सरकवल्या.

“कोठी चालले?” मी विचारलं.

“सकायचे जयभीम राह्यले. देऊन येतो.”

“सगळ्याइच्या घरी?”

“मंग?”

मी बरोबर निघाले, कारण पायी जाणाऱ्याला तरी जागा कुठे आहे? दुकानांच्या पाट्या रस्त्यावर, रस्ता गाड्यांनी भरलेला, माणसाने चालायचं ते नालीच्या काठाने. मी बाहेरच्या अंगाला राहिले. दोनदा कोणाचा तरी आरसा माझ्या कोपराला घासून गेला. बाबा शांतपणे एकेका दारात थांबत होते. उजवा हात पूर्ण कपाळापर्यंत, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. काकांच्या दारात तर त्यांनी दोनदा केला. काकांनी तोंड वाकडं केलं, मग बसायला म्हणाले, मग सोडेचनात.

परत येताना चौकात संध्याकाळची गर्दी फुटली होती. वस्तीतला एक तरणा पोरगा भरधाव आला, आम्हाला पाहिलं आणि हात सोडून ओरडला, “जयभीम दादा!”

बाबांचा हात वर गेला नाही. ते किंचाळले, “हँडल धर रे! हँडल!”

त्याला नीट ऐकू आलं नाही. वेग तोच ठेवून त्याने मान पूर्ण मागे वळवली. “काय म्हणता दादा?”

पुढे ट्रॉली उभी होती, मागे दिवा नसलेली. आम्ही बापलेक नालीच्या काठावरून, दोन्ही हात हलवत, गळा फाटेस्तोवर ओरडत होतो, “समोर! अबे, समोर पाह्य!”