क्लचच्या तेलात कापूस

आबा, म्हणजे माझे सासरे, मोटारीच्या क्लच-तेलाची डबी उघडताना श्वाससुद्धा जपून घेत. "आत धूळ गेली का क्लच गेला," हा त्यांचा मंत्र. धोतराच्या जुन्या धडप्याने आधी झाकण पुसायचं, मगच उघडायचं.

धुळ्याला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवड्याने त्यांना एरंडोलला घरी आणायला मी त्यांचीच मोटार घेऊन निघालो. नवा जावई, त्यात हौशी! निघण्याआधी तेल घालायला गेलो, तर तो धडपा मला कळकट वाटला. ओसरीत वेचणीचा पांढराशुभ्र कापूस पडला होता. घेतला बोळा आणि झाकण आतून-बाहेरून पुसलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

धुळ्याला डॉक्टरांनी बजावलं, "टाके कच्चे आहेत, हिसका बसू देऊ नका." आबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. पारोळ्याच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली. मी क्लच दाबला, तो खाली गेला आणि वर आलाच नाही. कशीबशी मोटार न्यूट्रलला आणून थांबवली. आता क्लचशिवाय गियर टाकायचा म्हणजे हिसका ठरलेला. त्या हिसक्याने आबांचा डोळा गेला तर? "आबा, क्लच गेला," मी सांगितलं.

"घाबरू नका, जावईबापू," आबा मागून म्हणाले. "इंजिन काय म्हणस ते ऐका." बैलगाडीवाल्याने दोघांना बोलावून मोटार हळूहळू ढकलली. आबा कान देऊन बसले. इंजिनाचा आवाज उतरला तसे म्हणाले, "टाका आते!" गियर लोण्यासारखा पडला. एरंडोलपर्यंत प्रत्येक गियर त्यांनीच सांगितला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने क्लचचं सिलिंडर खोललं. रबराच्या वॉशरखाली पांढरा धागा अडकला होता. "तेलात कापूस कोणी घातला?" तो कडाडला.

आबांनी धागा चिमटीत चोळून पाहिला. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात दाबला. "धुळ्याले जाताना झाकण मीच पुसेल व्हतं," ते म्हणाले. "डोळाले दिसे नही, काय करू?"

"आबा, तुम्ही? इतक्या वर्षांत?" मिस्त्री त्यांना बोल बोल बोलला. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्त्री गेल्यावर आबांनी चाचपत मोटारीतून तो धडपा काढून माझ्या हातात ठेवला. "कळकट शे," ते म्हणाले, "पण धागा सोडत नही."