सरांचं आडनाव

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस विसरलो. बोईसरची ही एक मात्र मनातून जात नाही. सकाळी क्लासला निघालेल्या एका तरुण शिक्षकाला टेम्पोने उडवलं आणि चालक पळून गेला. नाक्यावरच्या कॅमेऱ्यामुळे तो संध्याकाळच्या आत हाती लागला. अडलं ते मृताच्या नातेवाइकांच्या शोधावर.

त्या शिक्षकाचं आडनाव इथे लिहीत नाही. एका नामवंत खगोलशास्त्रज्ञाचं तेच, एका मंत्र्याचं आणि एका गायिकेचंही. क्लासमधली मुलं विचारायची, "सर, ते शास्त्रज्ञ तुमचे कोण?" सर नुसते हसायचे. त्या आडनावाची पालघरपर्यंतची घरं आम्ही पालथी घातली. कुणीच ओळखेना. नाव खोटं, म्हणजे फरारी असणार, असा आमच्या हवालदाराचा कयास.

अशात नवापूरहून मासळी विकायला येणारी एक मावशी आपणहून ठाण्यात आली. म्हणाली, "साहेब, मास्तर मासवणकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या बायांशी त्यांच्याच बोलीत बोलायचा. तो तिकडचाच हाय."

मी त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला, एका कारखान्यातल्या फिटरला, चौकशीला बोलावलं. बराच वेळ तो 'पता नहीं'च्या पुढे सरकेना. शेवटी म्हटलं, "कोणी आलं नाही, तर बेवारस म्हणून अंत्यविधी करावा लागेल." तसा त्याचा बांध फुटला.

"साहब, असली नाम बताता तो कमरा नहीं मिलता था. बोलते थे, पाड़े के लोग नहीं चाहिए. मुझे कसम दी थी उसने."

त्याने खरं नाव-गाव सांगितलं, आम्ही निरोप धाडला आणि मासवणजवळच्या पाड्यावरून आई आली. मी सवयीने कागदावरचं, त्याने लावलेलं आडनाव उच्चारलं. ती म्हणाली, "या आडनावाचा माजा कोन नाय." मग शवागारात चादर बाजूला केली. ती तिथेच खाली बसली.

बसल्या बसल्याच बोलली, "दिवाळीला नवा तांदूळ घेऊन त्याच्या गल्लीत आलते. आमचं आडनाव सांगून विचारलं. सगळे बोलले, असा कोनी नाय इथं. तशीच परत गेले."

मृतदेह ताब्यात देण्याची पावती करताना मी आडनावापाशी थांबलो. ती म्हणाली, "त्यानं घेतलेलं पन लिवा, साहेब. पोरं त्याला तसंच बोलवत व्हती ना?"

खोटं नाव दिसलं की पोलिसाला आधी गुन्हा दिसतो. खरं नाव ऐकून त्या माणसाच्या तोंडावर कुणी दार लावलं होतं का, हेही विचारायचं असतं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. 'उर्फ' हा शब्द नोकरीभर गुंडांच्याच नावांत लिहिला होता. तो त्या शिक्षकाच्या दोन आडनावांमध्ये लिहिला, आणि खाली त्याच्या आईने अंगठा उठवला.