वाटीतलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या जिल्ह्यात कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. नगरजवळच्या आमच्या विद्यापीठ संशोधन केंद्रातली भट्टीही त्याला अपवाद नव्हती. तिची पूजा सर करायचे. ते नेवाशाकडचे, माझे पीएचडीचे मार्गदर्शक. मोठमोठ्या मंडळींना त्याचं हसू यायचं, मला कधी आलं नाही. ज्या यंत्रावर आपलं पोट आहे, त्याला वर्षातून एकदा हात जोडले तर विज्ञानाचं काय बिघडतं?

बिघडलं ते असं. उसाच्या चिपाडांचा भट्टीत कोळसा करायचा आणि तो सोडियमच्या बॅटरीत वापरायचा, हे आमचं काम. सरांनी त्यात उमेदीची वर्षं घातली होती आणि हाती म्हणावं असं काही लागलं नव्हतं. निवृत्तीच्या वर्षी मात्र दसऱ्यानंतरच्या पहिल्याच कोळशाची बॅटरी झकास चालली. महिना उलटला तरी ढळेना. सरांनी सगळ्या केंद्राला पेढे वाटले. माझा प्रबंधही त्यावरच उभा राहणार होता.

मग तपासणीत त्या कोळशात कॅल्शियम निघालं. सरांनी आलेखावर बोट ठेवलं.

"चिपाडात एवढा चुना न्हाई येत," ते म्हणाले. "कुंकवात असतो."

सणाला पुणतांब्याला घरी जाण्याआधी मी भट्टीत ठेवायच्या चिनीमातीच्या वाट्या घासून पालथ्या घातल्या होत्या. शेवटचं वर्ष म्हणून सरांनी माझ्यामागे त्यांनाही आतून कुंकू लावलं होतं आणि नंतर रुमालानं नीट पुसून ठेवल्या होत्या. पण पुसून सगळं थोडंच जातं?

हे आम्हा दोघांखेरीज कुणाला कळलं नसतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तुला कळलंय ना?" सर म्हणाले. "मग झालं तर."

नव्या वाटीत पुन्हा कोळसा केला. त्या बॅटरीनं आठवड्यात मान टाकली. मुद्दाम कुंकू घालूनही पाहिलं, तरी पहिल्यासारखं जमलं नाही. पाठवायला तयार झालेला शोधनिबंध सरांनी थांबवला आणि शाल-नारळ घेऊन ते निवृत्त झाले. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

प्रबंधात मी तो फसलेला प्रयोग लिहिला, पण कारण म्हणून 'भांडं अशुद्ध' एवढंच. आयुष्यभर झिजलेल्या माणसाचं हसं मला करायचं नव्हतं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला सर मुद्दाम आले आणि शेवटच्या रांगेत बसले. परीक्षकांनी नेमकं तेच पान काढलं. "भांडी धुणं आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. तुमच्याकडून तेवढंही झालं नाही?"

मी मान खाली घालून हो म्हणणार, तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. सर उभे होते.

"तिनं धुतलं हुतं. कुंकू मी लावलं. पूजेचं."

सभागृहात कुणीतरी हसलं, मग आणखी काही जण हसले. सर तसेच उभे राहिले, सगळ्यांचं हसून होईपर्यंत. मग परीक्षकांना शांतपणे म्हणाले, "आता तिला पुढचं विचारा."