‘सांगून राहिलो’चा अर्थ

सत्तरच्या दशकात व्यवस्थापन शिकणाऱ्या आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि नागपूरच्या महाल भागातलीही एकटीच. आमच्या सरांनी लकडगंजातल्या एका आरागिरणीत पाहणीचं काम घेतलं होतं. लाकूड वाया जातं, त्याची कामगारांना फिकीर आहे की नाही, एवढंच शोधायचं होतं. गिरणीचे मॅनेजर नवे, पुण्याहून आलेले. सरही पुण्याचे, त्यामुळे दोघांचं सूत पहिल्या चहालाच जुळलं. मॅनेजरांनी सरळ सांगून टाकलं होतं, माणसं बेफिकीर निघाली तर कापणी ठेक्यानं देणार आणि नऊही आरेवाल्यांना घरी पाठवणार.

प्रश्नावली घेऊन मी आठवडाभर त्या भुशात बसले. नाका-कानातून, वेणीतून भुसा निघायचा. उत्तरं शुद्ध भाषेत लिहा, असं सरांनी बजावलं होतं. मी लिहिली नाहीत. माणूस बोलला तसं उतरवायचं, नाहीतर विचारायलाच जाऊ नये, असं माझं मत. शिवाय घरी मी तसंच बोलायचे, आणि त्याला कोणी अशुद्ध म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

सगळ्यांत जुने आरेवाले एक म्हातारे गृहस्थ होते; त्यांना मी विचारलं, “नासाडीबद्दल साहेबांना सांगितलं का?”

“सांगून राहिलो ना बाई,” ते म्हणाले. “ओंडका फिरवून लावला तं भुसा कमी पडते. आखूड तुकडे भट्टीत चालले, त्याच्या संत्र्याच्या पेट्या बनतीन. सांगून राहिलो.”

बाकी आठांचंही थोड्याफार फरकानं हेच. मी इमानेइतबारे लिहून घेतलं आणि कागद सरांच्या हवाली केले.

अहवाल ऐकायला आम्ही मॅनेजरांच्या वरच्या खोलीत जमलो. सर वाचत होते, “कामगारांनी एकदा सांगितले व नंतर ते स्वस्थ राहिले. पाठपुरावा नाही. एकंदर वृत्ती उदासीन.” मॅनेजरांनी मान डोलावली, ठेक्याचा टाइप केलेला कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

“सर, असं कुठं लिहिलंय?” मी विचारलं.

सरांनी माझाच कागद पुढे केला. सांगून राहिलो. म्हणजे सांगितलं आणि राहिले! खोड माझीच होती. शुद्ध लिहिलं असतं, तर ‘सांगत आहोत’ झालं असतं आणि प्रश्नच मिटला असता.

“ते थांबलेले नाहीत, सर. अजून सांगताहेत. आमच्याकडे ‘जेवून राहिलो’ म्हणणारा माणूस ताटावरच असतो.”

“हे तुम्ही आता ओढूनताणून बसवताय,” मॅनेजर म्हणाले.

आता मात्र माझं टाळकं सटकलं. परवानगीबिरवानगी न विचारता मी अंगणात गेले आणि त्या जुन्या आरेवाल्यांना घेऊन आले. दाराशी त्यांनी धोतरावरचा भुसा झटकला.

“तुम्ही एकदा सांगून गप्प बसलात ना?” मॅनेजरांनी विचारलं.

“गप्प बसलो असतो तं दर सोमवारी तुमच्या दारात काहून उभा राहतो, साहेब? सांगून राहिलो म्हणतो, तं तुम्ही म्हणता बरं बरं.”

मॅनेजर चपापले. मग हळूच म्हणाले, “मला वाटायचं, पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, त्याचंच गाऱ्हाणं करायला येतात.”

सरांनी तिथल्या तिथे ती तीन वाक्यं खोडली. “चूक माझी,” असंही म्हणाले, तेही माझ्यासमोर. मला आमच्या बोलीचा, त्या म्हाताऱ्यांचा आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचाही इतका अभिमान वाटला, की आज लिहितानासुद्धा मान ताठ होते. मी नम्र वगैरे कधीच नव्हते.

मॅनेजरांनी ठेक्याचा कागद फाडला नाही. तो उलटा केला, कोरी बाजू म्हाताऱ्यांपुढे सरकवली आणि स्वतःची खुर्ची त्यांना दिली. “काढून दाखवा,” ते म्हणाले, “ओंडका कसा फिरवायचा ते. आणि बाकीच्या आठांनाही वर बोलवा.”