लॉरीची खांदमळणी

लॉरीला गंज चढू नये म्हणून मी जो लेप शोधून काढला, तो आमच्या गावातल्या झाडून साऱ्या बैलांना आवडला. माणसांपैकी मात्र कोणालाच नाही.

राज्य निजामाचं होतं. सिरसाळ्याच्या बाजूला मोटार दिसली की माणसं हातातलं काम टाकून बघायला धावायची. अशा काळात मी आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागं लागून घरची बैलजोडी विकायला लावली आणि परळीहून एक जुनी लॉरी आणली. (जोडी शेजारच्या गणपतदादांनी घेतली. त्यामुळं रोज सकाळी आण्णांना ती कुंपणापलीकडं दिसायची आणि रोज सकाळी मला बोलणी बसायची.)

लॉरी आधी मिठाची पोती वाहून वाहून थकलेली. पावसाळा लागला आणि खालचा लोखंडी सांगाडा, ज्यावर अख्खी गाडी उभी असते तो, पापुद्रे सोडायला लागला. परळीच्या मिस्त्रीनं वाकून त्या सांगाड्याकडं, त्याच्या भाषेत 'चासी'कडं, बघितलं.

"नमक खायेली गाडी है मियाँ. इमान रखिंगी, पन चासी नै टिकिंगी. जंग खरवडो, तेल मारो."

घरी हे सांगितलं तेव्हा आण्णा एवढंच म्हणाले, "बैलाला कधी गंज चढल्याला बघितलाय का रं?"

त्यात पोळा तोंडावर आलेला. वेशीतल्या तोरणाखालून सगळ्यात आधी आमची जोडी जायची, हा आमच्या घराचा जुना मान. आता जोडी गणपतदादांची. मग मान घराचा की बैलांचा? पारावर यावर एवढा खल झाला की पेरणीवरही कधी झाला नसेल. शेवटी पाटलांनी निवाडा दिला, "आण्णांच्या घरी जे काय हाय ते पुढं येऊ द्या. तोरणाखालून गेलं तर मान त्यांचा. न्हाई गेलं तर गणपतचा."

आण्णा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मला खूप वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करायला जातो, हा आमच्या घरातला जुना त्रास आहे.

खुरप्यानं गंज खरवडला. जवसाचं तेल लावलं, तर ते ओघळून जमिनीवर. म्हणून डोकं चालवलं. तेल्याच्या घाण्याखाली गाळ साचतो, निम्मं तेल आणि निम्मी पेंड. चांगला चिकट. तो आणला आणि सांगाड्यावर बोटभर जाडीनं थापला. ही युक्ती मिस्त्रीला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटत होतं.

आई दारातून म्हणाली, "कावून रं, गाडीला लाडू वळतोस का?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळायचे आणि त्यांना सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आण्णा सवयीनं वाटी घेऊन अंगणात आले आणि तसेच उभे राहिले. बैल कुठं होते?

"आण्णा, सांगाडा म्हंजे गाडीचा खांदाच की," मी म्हणालो.

त्यांनी परक्याच्या वासराला लावावं तसं एक बोट सांगाड्याला लावलं.

"आन् आवतण?" मी विचारलं.

"लोखंडाला कशाचं आवतण बे," म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी लॉरीच्या टपावर झूल, दिव्यांना बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगुळाचा लाल रंग. आण्णा फेटा बांधून पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले. मागं साऱ्या गावाचे बैल, पूजेआधीचे, म्हणजे उपाशी. तोरण हातभर राहिलं तेव्हा मी वेग कमी केला, आणि गणपतदादांच्या, म्हणजे पूर्वीच्या आमच्या, हरण्यानं गाडीखाली तोंड घातलं. जीभ फिरवली. मग त्याच्या जोडीच्या मोत्यानं घातलं. मग सगळ्यांनीच, चारी बाजूंनी! पेंड तर होतीच, वर जुनं मीठ मुरलेलं. मी गावजेवण घातलं होतं.

"भोंगा वाजव," आण्णा म्हणाले.

वाजवला. बैलांनी कान हलवले आणि चाटणं चालू ठेवलं.

"गाडी फुडं घे की बे," पाटील ओरडले.

"कशी घेऊ? पुढं चार हायेत. खाली किती हायेत ते दिसत न्हाई."

इंजिनानं एक उचकी दिली आणि ते बंद पडलं. पुन्हा चालू करायला हँडल मारायची जागा पुढं, आणि तिथं हरण्या.

"मग मान गणपतचा," पाटलांनी हात वर केला.

आण्णा खाली उतरले. फेटा हलला होता, चेहरा उतरला होता. गणपतदादा कासरा हातात घेऊन आपल्या जोडीला ओढत होते, जोडी ढिम्म. दादांनी कासरा आण्णांच्या हातात दिला.

"तुमीच हाक मारा आण्णा. माझं कुठं ऐकत्यात?"

"हरण्या, मोत्या," आण्णा हळूच म्हणाले.

दोन्ही मुंडकी गाडीखालून वर आली, नाकाला पेंड लागलेली. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी ते धुळीच्या नावावर घातलं. दादांनी जू आणवलं, दोर सांगाड्याला बांधला. जोडीनं ओढ घेतली. सांगाडा करकरला. मी डोळे मिटून स्टिअरिंग धरलं.

उघडले तेव्हा तोरण मागं गेलं होतं.

"मान कुणाचा?" कोणीतरी विचारलं.

"घर बी तेच, बैल बी तेच. गप बसा," पाटील म्हणाले. मागून उरलेले बैल सांगाडा चाटत एका रांगेत निघाले. इतकी शिस्तीची मिरवणूक गावात पुन्हा झाली नाही.

त्यानंतर मी सांगाड्याला साधं तेल लावत राहिलो, पातळ. लॉरी बरीच वर्षं चालली. दर खांदमळणीला आण्णा दादांच्या गोठ्यात जाऊन जोडीचे खांदे चोळत, परत येऊन सांगाड्याला बोट लावत, आणि मग मला म्हणत, "सदरा काढ."

उरलेलं लोणी माझ्या खांद्यांवर चोळत ते साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभरात आण्णांनी मला मानानं बोलावलं ते तेवढंच, आणि तेही बैल समजून.