रोजचा काळ

इंग्रजी शिकवायची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला भारी गर्व होता. कल्याणच्या इंग्रजी शाळेत मी दुय्यम मास्तर होतो. बाकीचे मास्तर पोरांकडून सगळ्या काळांची रूपं एकदम घोकून घेत. पोरं ती घडाघडा म्हणत, पण तू सकाळी काय करतोस, एवढं इंग्रजीत विचारलं की तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. मी म्हणायचो, एकच काळ घ्या, तो अंगात मुरू द्या, आणि तो मुरेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. पहिला घ्यायचा तो साधा वर्तमानकाळ. त्याला मी रोजचा काळ म्हणत असे. मी उठतो, मी जेवतो, मी शाळेत जातो. माणूस जे रोज करतो ते सगळं या काळात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी 'एव्हरी डे' म्हणायला लावायचो, म्हणजे काळ चुकायला जागाच राहू नये.

शाळेतल्या पोरांखेरीज एक मोठा माणूस माझ्याकडे शिकायला येई. ठाकुर्लीकडचा आगरी, तिशीतला, रेल्वेच्या यार्डात सांधेवाला. जिथे एका रुळाचे दोन होतात तिथला दांडा ओढून गाडी हव्या त्या रुळावर घालायची, हे त्याचं काम. त्याला सांधेवाल्यांचा जमादार व्हायचं होतं, आणि साहेबाचं बोलणं कळल्याशिवाय जमादारी मिळत नसे. पाळी सुटली की हातापायाचं वंगण धुऊन तो माझ्या ओटीवर येऊन बसायचा. कधी पडवळ आणायचा, कधी शिराळी. मी त्याला शिकवत होतो ते दयेपोटी नव्हे. माझी पद्धत कुणावरही चालते, हे मला बाकीच्या मास्तरांना दाखवायचं होतं.

तो हुशार होता, पण 'तो' आला की क्रियापदाला एस लावायचा विसरायचा. 'ही गो' म्हणायचा. मी खेकसायचो. "अरे, तो एकटा आहे ना? मग शेपूट लाव."

"एकल्यालाच कशाला शेपूट, मास्तर?" तो हसून विचारायचा. मला राग यायचा, कारण उत्तर मला माहीत नव्हतं.

एकदा संध्याकाळी तो भिंतीला टेकला आणि पाठ चालू असतानाच पेंगला. मी पाटीवर टिचकी मारली. तो दचकून म्हणाला, "माजा डोला लागला, मास्तर. ता इंग्रजीत कसा बोलाचा?" आणि मी सांगायच्या आतच त्याने स्वतःच करून पाहिलं, "माय आय टचेस." एस मात्र या खेपेला बरोबर लागला होता. मी पोट धरून हसलो.

"इंग्रजीत डोळा लागत नाही," मी म्हणालो. "इंग्रजीत माणूस झोपतो. आय स्लीप म्हण."

तो जरा घुटमळला. "पन मी झोपलो नाय. डोला लागला."

झोपतो तो माणूस आपण होऊन, आणि डोळा लागतो तो त्याला न विचारता. हा फरक आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. मलाही कळत होता. पण इंग्रजीत तो कसा आणायचा याचा विचार करायचा तर भूतकाळात शिरावं लागलं असतं आणि माझी पद्धत मोडली असती. "आय स्लीप म्हण," मी पुन्हा दटावलं. त्याने मुकाट्याने म्हटलं आणि सवयीने पुढे 'एव्हरी डे' जोडलं. मी मान डोलावली. वाक्य बरोबर आलं की मी मान डोलवायचो आणि ती बघूनच तो पुढे जायचा. त्या दिवशी निघताना त्याने विचारलं, "झाला-गेला सांगाचा असल तर?" मी म्हणालो, तुझा एस गळायचा थांबला की भूतकाळ.

चैत्रातली गोष्ट. त्याच्या जागी येणारा सांधेवाला तापाने पडला, आणि हा आदल्या सकाळपासून एकटाच दांड्याशी उभा होता. रात्र गेली, दुसरी सकाळ गेली, भर दुपारी ऊन डोक्यावर आलं आणि खांबाला टेकल्या टेकल्या त्याचा डोळा लागला. सांधा फिरवायचा राहिला. मालगाडीच्या पाच-सहा रिकाम्या वाघिणी भलत्या रुळावर गेल्या. तिथे डबे जोडणारा एक खलाशी वाकून साखळ्या अडकवत होता. तो दोन वाघिणींच्या मधे सापडला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

चौकशीला मुंबईहून साहेब येणार होता. स्टेशनमास्तर भला माणूस. त्याने आम्हा दोघांना अगोदर समजावून सांगितलं, की पाळी उलटून गेली होती हे कागदावर आहेच. पहिल्यांदाच झालं असं साहेबाला पटलं तर फार तर नोकरी जाईल. पण नेहमीचीच हलगर्जी आहे असं ठरलं, तर प्रकरण ठाण्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे जाईल आणि मग तुरुंग. सांधेवाला मला म्हणाला, "तुमी नुसते समोर बसा. तुमचा तोंड बघला का मना शब्द आठवतात."

स्टेशनातल्या एका खोलीत टेबल मांडलं होतं. मी दाराशी बाकावर बसलो. साहेबाशेजारी दुभाषा होता. साहेबाने पहिला प्रश्न विचारला, दुभाषाने तो मराठीत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात याने हात जोडले. "सर, आय स्पीक इंग्लिश." साहेबाच्या भुवया वर गेल्या. दुभाषा खुर्चीत मागे रेलला. मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

साहेबाने विचारलं, त्या वेळी तू झोपेत होतास का. त्यातलं भूतकाळाचं 'वेअर यू' त्याला कळलं नाही, कारण मी ते शिकवलंच नव्हतं. 'अस्लीप' कळलं.

"येस सर. आय स्लीप."

"यू स्लीप? ऑन ड्यूटी?"

"येस सर. आय स्लीप ऑन ड्यूटी."

एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं. मी मान डोलावली.

त्याला धीर आला. साहेब पुढे वाकून म्हणाला, "एव्हरी डे?" हे शब्द तर त्याच्या घरचेच. आपण रोज कामावर येतो का, असं साहेब विचारतो आहे, अशी त्याची समजूत झाली. त्याचा चेहरा उजळला आणि तो ठासून म्हणाला, "येस सर. एव्हरी डे. आय कम एव्हरी डे, सर."

साहेबाची लेखणी कागदावर चालू लागली, तेव्हा मला कळलं की मी कशाला मान डोलावली. त्याने कबूल केलं होतं की मी कामावर झोपतो, रोज झोपतो.  उठून दोन वाक्यं बोललो असतो तर निभावलं असतं. याला भूतकाळ येत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण दुभाषाकरवी मराठीत सांगावं तर इंग्रजीच्या मास्तराची लाज गेली असती, आणि इंग्रजीत सांगावं तर गोऱ्या साहेबासमोर मी जन्मात एक वाक्य बोललो नव्हतो. आपलंच काही चुकलं तर दुभाषा हसेल, ही भीती मला त्या घडीला वाटली. एका माणसाचा तुरुंग समोर दिसत असताना मला दुभाषाच्या हसण्याची भीती वाटली. मी बाकावर बसून राहिलो. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "चुकलो नाय ना?" मी म्हणालो, नाही.

पुढे प्रकरण ठाण्याला गेलं. मॅजिस्ट्रेटपुढे तो कागद वाचला गेला आणि त्याला वर्षाची सक्तमजुरी झाली. मी ठाण्याला गेलो नाही; स्टेशनमास्तरकडून कळलं. शाळेत मी रोजचा काळ शिकवत राहिलो, पण 'एव्हरी डे' म्हणायला लावायचं सोडलं. पोरांनी कारण विचारलं तेव्हा त्यांच्यावर उगाच डाफरलो.

सुटल्यावर तो आला. गालफडं बसली होती. मी ये म्हटलं तरी ओटीच्या पायरीशीच उभा राहिला.

"तुरुंगात एक कारकून व्हता," तो म्हणाला. "त्याला मी काय बोललो ता सांगितला, तवा त्याने मना समजवला. मी रोज झोपतो असा बोललो म्हने."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मी तुमच्याकडं बघला व्हता. तुमी मान हलविली."

"वाक्य बरोबर होतं," मी म्हणालो. 

"हाव." त्याने तेही मान्य केलं. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मग तो म्हणाला, "आता ता शिकवा. डोला लागला, येकदाच."

मी शिकवलं. आय फेल अस्लीप. वन्स. त्याने ते पायरीशी उभं राहून म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्या खेपेला ते अगदी नीट आलं. आगगाडीची शिटी ऐकू आली तशी त्याने एकदा स्टेशनाच्या दिशेला पाहिलं.

"एवराच व्हता, मास्तर?"

मी मान डोलावली.